नळाचे पाणी शुद्धच असते काय?



मृगाचे दोन-चार जोराचे पाऊस झाले की सकाळी नळाला पहिले पाणी येते ते चहाच्या रंगाचे. घरातली बाई ते बादलीत धरून गुरांसाठी बाजूला ठेवते. पाणी निवळले की तोटीखाली हंडा लावते आणि कामाला लागते. डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणजे पाणी पिण्यास योग्य, अशी आपली समजूत असते. विहिरीचे किंवा नाल्याचे पाणी बाधू शकते हे आता सर्वांना पटले आहे. परंतु नळाचे पाणी म्हणजे सरकारने शुद्ध करून पाठविलेले पाणी, त्यात आपण काय बघायचे, असे आपण धरून चालतो.

ही समजूत अर्धीच खरी आहे. टाकीतून निघताना शुद्ध असलेले पाणी आपल्या हंड्यात पडेपर्यंत अशुद्ध होऊ शकते. ते कसे होते, कसे ओळखावे आणि आपल्या हातात काय आहे, हे या पाठात पाहू.

१. पाणी नळातच कसे बिघडते?

आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. हीच नदी पुढे सौंदत्तीजवळच्या धरणात जाते आणि तेथून हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी पुरविले जाते. २००८ च्या सुमारास त्या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. बाकीच्या भागांत पूर्वीप्रमाणेच काही दिवसांआड, थोडे तासच पाणी येत राहिले. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांच्या पाण्याचे नमुने घेऊन तपासले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात शंभरात एकाहूनही कमी नमुन्यांत विष्ठेतील जंतू सापडले. दिवसाआड पाण्याच्या भागात मात्र जवळजवळ एक-तृतीयांश नमुन्यांत ते सापडले.

मग फरक कशाने पडला? रिकाम्या पाइपाने.

सायकलच्या ट्यूबचे उदाहरण घ्या. हवा भरलेली पंक्चर ट्यूब पाण्यात बुडविली तर बुडबुडे बाहेर येतात, पाणी आत जात नाही. पण हवा गेलेली ट्यूब तशीच पाण्यात ठेवली तर त्याच भोकातून पाणी आत शिरते. नळाच्या पाइपाचे असेच आहे. पाणी जोरात वाहत असताना फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. ते वाया जाते, पण बाहेरची घाण आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. उतारावरचे पाणी खाली ओघळताना मागे ओढ निर्माण होते आणि त्याच फटीतून भोवतालचे पाणी आत ओढले जाते. पाइप गटारातून गेला असेल तर आत येणारे पाणी गटाराचेच असते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ते सर्व आधी आपल्या तोटीतून बाहेर पडते.

या बिघाडात आपलाही हात असतो. पुढील चार गोष्टी आपल्याच गल्लीत दिसतील.

(अ) नळाला थेट मोटर लावणे. पाणी कमी दाबाने येते म्हणून आपण नळाच्या पाइपलाच मोटर जोडतो. मोटर पाणी ओढते, तशीच फुटलेल्या सांध्यातून गटारही ओढते. आणि ते केवळ आपल्या घरी येत नाही, शेजाऱ्याच्या घरीही जाते.

(आ) खड्ड्यातला नळ. पाणी चढत नाही म्हणून अंगणात कमरेइतका खड्डा खणून तोटी खाली बसवितात. पावसाळ्यात त्या खड्ड्यात सांडपाणी साचते, तोटी त्यात बुडते आणि पाणी बंद होताच ते मागे पाइपात जाते.

(इ) गटारातून नेलेली जोडणी. रस्ता खणायचा खर्च वाचावा म्हणून घरचा पाइप गटारातूनच नेलेला असतो. पाइप जुना झाला की सांधे सैल होतात.

(ई) फवारणीच्या बॅरलमध्ये बुडालेली नळी. शेतकरी बांधवांनी हे नीट वाचावे. औषध कालवायला आपण बॅरलमध्ये नळाची रबरी नळी सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. तेवढ्यात पाणी बंद झाले तर काय होते? डब्यातले रॉकेल नळीने तोंडाने ओढून काढताना एकदा ओढ मिळाली की ते आपोआप वाहू लागते, तसेच बॅरलमधले विषारी पाणी नळीतून उलटे पाइपात चढते. त्या ओळीवरच्या पहिल्या घरात सकाळी कोणी तोंड धुतले, कोणी पोराला पाणी पाजले, तर दोष कोणाचा? म्हणून नळीचे टोक नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर किमान वीतभर तरी लटकते ठेवावे. सर्वांत चांगले म्हणजे पाणी आधी बादलीने भरून घ्यावे आणि औषध शेवटी घालावे.

२. जंतूंपासून होणारे रोग

पाण्यातल्या विष्ठेच्या जंतूंमुळे कॉलरा, हगवण, टायफॉइड आणि कावीळ हे रोग होतात. यांत कावीळ फसवी आहे. कॉलरा पाणी प्याल्यावर काही तासांत किंवा पाच दिवसांच्या आत दिसतो. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. परंतु पाण्यातून पसरणाऱ्या 'हिपॅटायटिस ई' या काविळीला दोन ते दहा आठवडे, साधारणपणे पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे आज डोळे पिवळे झाले तर ते पाणी आपण दीड महिन्यापूर्वी प्यालो. तोपर्यंत फुटलेला पाइप कदाचित दुरुस्तही झालेला असतो, आणि आपण मात्र परवाच्या जेवणाला दोष देत बसतो.

१९५५-५६ सालच्या हिवाळ्यात दिल्लीत काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. यमुनेतून शहराचे पाणी जेथे उचलतात तेथे नजफगढ नाल्याचे सांडपाणी मागे फिरून मिसळले. शुद्धीकरण केंद्रातील लोकांनी पाणी बिघडलेले पाहून तुरटी आणि क्लोरीन वाढविले. त्यामुळे टायफॉइड व हगवण वाढली नाही. पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी या काविळीचा जंतू ओळखीचाही नव्हता. तो १९८० नंतरच्या दशकात सापडला. त्यातून मिळालेला धडा असा की घाण एकदा पाण्यात मिसळली की नंतर पावडर ओतून पुरते सुटत नाही. ती मिसळू न देणे हेच खरे काम.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत अशाच काविळीची साथ आली होती. हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली.

ही कावीळ बहुतेकांना महिन्या-दीड महिन्यात सोडते. मात्र गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. अशा शंभर स्त्रियांपैकी वीस-पंचवीस दगावतात. तेव्हा घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर साथीच्या दिवसांत तिने पाणी उकळूनच प्यावे. तिचे डोळे वा लघवी पिवळी दिसली तर त्याच दिवशी इस्पितळात न्यावे. कावीळ उतरवून घ्यायला, नाकात रस पिळायला किंवा हातावर डाग द्यायला नेऊन दोन दिवस घालवू नयेत. ते दोन दिवस परत मिळत नाहीत.

३. जंतूंशिवाय पाण्यात आणखी काय असते?

आपल्या बऱ्याच गावांत नळाचे पाणी नदीचे नसते. बोअरवेलचे किंवा गावविहिरीचे पाणीच टाकीत चढवून नळाने सोडतात. म्हणून जमिनीत जे आहे ते नळात येते.

नायट्रेट. हे आपल्या शेतातून आणि उकिरड्यातून येते. युरिया मातीत पडला की जंतू त्याचे नायट्रेट करतात. पीक त्यातले लागेल तेवढेच उचलते. उरलेले नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली विहिरीत उतरते. शेणखताचा खड्डा, गोठा आणि शोषखड्डा यांतूनही तेच होते. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे भारतीय मानक सांगते. मोठ्या माणसाला थोड्या जास्तीने लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात कालवलेले पावडरचे दूध दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. बाळाचे ओठ व नखे निळसर पडतात आणि जीवाला धोका होतो. येथे पाणी उकळून उपयोग नाही. उकळताना वाफ जाते, नायट्रेट मागेच राहते आणि उलट दाट होते. उपाय सोपा आहे : सहा महिने बाळाला आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये. शेतात युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे दोन-तीन हप्त्यांत द्यावा. म्हणजे पैसाही वाचतो आणि विहीरही.

फ्लोराइड. खोल बोअरच्या पाण्यात, विशेषतः कमी पावसाच्या व खडकाळ भागात, हे आढळते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि मोठ्यांचे सांधे व पाठीचा कणा आखडतो. हैदराबादकडील आपल्या बांधवांना नलगोंडा जिल्ह्याची ही कहाणी ठाऊक आहे. तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची रीत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने काढली. तिला 'नलगोंडा पद्धत' असेच नाव पडले. फ्लोराइडही उकळून जात नाही.

लोह व क्षार. पाणी थोडा वेळ ठेवल्यावर तांबूस होते, कपड्यांवर डाग पडतात, ते लोहामुळे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जडपणामुळे. यांचा त्रास होतो, पण एकाएकी धोका नसतो. दिसते ते फारसे मारत नाही, मारते ते दिसत नाही, हे पाण्याच्या बाबतीत पक्के ध्यानात ठेवावे.

४. पाण्याची पारख

पावडरचा वास. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून आपण नाक मुरडतो. खरे पाहता तो हलका वास हे चांगले लक्षण आहे. शेवटच्या घरच्या नळातही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे असा नियम आहे. एवढे उरले असेल तर वाटेत शिरलेल्या थोड्या घाणीचा ते समाचार घेते. ग्रामपंचायतीकडे हे तपासण्याची छोटी पेटी असते. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की रंग येतो आणि पट्टीवरच्या रंगाशी तो ताडून पाहतात. तपासणी टाकीजवळच्या नळावर न करता ओळीच्या अगदी शेवटच्या घरी करावी. गढूळ पाणी क्लोरीन लवकर खाऊन टाकते, म्हणून पावसाळ्यात मात्रा वाढवावी लागते.

काळ्या बाटलीची परीक्षा. विष्ठेचे जंतू ओळखण्याची एक सोपी रीत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरली जाते. औषध लावलेल्या कागदाची पट्टी असलेल्या निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि घरातच एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर ते दूषित समजावे. शाळेतला मुलगाही ही परीक्षा करू शकतो. बाटली काळी झाली नाही म्हणून नायट्रेट वा फ्लोराइड नाही असे मात्र समजू नये. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

प्रयोगशाळेची तपासणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नियमांप्रमाणे प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा रासायनिक आणि दोनदा जंतूंची तपासणी व्हावयाची असते. गावातील पाच स्त्रियांना तपासणीची पेटी वापरण्याचे शिक्षण देण्याचीही त्यात तरतूद आहे. जंतूंसाठी नमुना द्यायचा तर प्रयोगशाळेने दिलेलीच बाटली वापरावी. तोटी पुसून घ्यावी, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नये. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. दारूच्या वा गोडेतेलाच्या बाटलीतून नेलेला नमुना काहीच खरे सांगत नाही.

५. घरात काय करावे?

पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते धुण्यासाठी किंवा झाडांना वापरावे.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी. परंतु तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून निवळलेले पाणी कापडाने गाळून नंतर उकळावे. बुडबुडे येऊन पाणी खळखळू लागल्यावर आणखी काही मिनिटे आच ठेवावी. कोमट केलेले पाणी म्हणजे उकळलेले पाणी नव्हे.

उकळलेले पाणी झाकलेल्या माठात ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. पेला आणि त्याबरोबर बोटे बुडविली की सगळी मेहनत वाया जाते. माठ दर दोन-तीन दिवसांनी घासून धुवावा.

जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (दोन्हींसाठी चहाचा चमचा) विरघळवून घोट-घोट पाजत राहावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली तर दवाखाना गाठावा.

६. विहिरीत पावडर किती टाकावी?

नळ बंद पडले की आपण विहिरीकडे वळतो. विहिरीत अंदाजाने पावडर टाकतात, ती एकतर कमी पडते नाहीतर वाया जाते. हिशोब असा करावा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा व त्याला त्यानेच गुणा. आलेल्या संख्येला ३.१४ ने गुणून ४ ने भागा. मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी १,००० ने गुणा. हे झाले लिटर.

उदाहरण : व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. ३ × ३ × ३.१४ ÷ ४ × ४ × १,००० = २८,२६० लिटर. दर १,००० लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम लागते. म्हणजे सुमारे ७१ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागेल.

पावडर कोरडी फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली पाऊण भरावी. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत सोडावी आणि वर-खाली हलवून पाणी ढवळावे. तळचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम रात्री करावे आणि निदान एक तास पाणी उपसू नये. उघड्या पोत्यातली जुनी, ओल लागलेली पावडर निकामी झालेली असते. तिच्यावर विसंबू नये. उकिरडा, संडासाचा खड्डा व गोठा विहिरीपासून किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट, दूर असावेत. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर कधीही धुऊ नये.

७. गावाने काय करावे?

उकळणे हे एका घराचे काम, पाइप नीट ठेवणे हे गावाचे. रोज पाणी उकळायला लाकूड किंवा गॅस लागतो आणि गरिबाला तो परवडत नाही. म्हणून ज्याच्या घरी फिल्टर आहे त्यानेही गावाच्या पाइपकडे पाठ फिरवू नये. पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी मिस्सानंतर आठ-दहा जणांनी टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाइपलाइन चालून पाहावी. पाइप कोठे गळतो, कोठे गटारातून जातो, कोणाचा नळ खड्ड्यात आहे, हे कागदावर उतरवावे. मग ग्रामसभेत शांतपणे पुढील प्रश्न विचारावेत.

टाकी शेवटची कधी धुतली? ती तारीख टाकीवर रंगवून ठेवता येईल काय?
पावडर रोज किती टाकतात आणि त्याची नोंद कोठे आहे?
शेवटच्या घरच्या नळावर क्लोरीन कधी तपासले?
मागील प्रयोगशाळा तपासणीचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर का लावू नये?
गटारातले पाइप वर उचलायला किती खर्च येईल?

आणि हे विचारण्यापूर्वी आपण आपल्या नळाची मोटर काढावी व खड्डा बुजवावा. तसे केले तर आपल्या प्रश्नाला वजन येईल.

उजळणी

मुलांनी घरातील मोठ्यांना हे प्रश्न विचारावेत.

१. रिकाम्या पाइपात घाण का शिरते?
२. आज झालेली कावीळ साधारण किती आठवड्यांपूर्वीच्या पाण्याने झाली असेल?
३. उकळल्याने पाण्यातील कोणत्या दोन गोष्टी जात नाहीत?
४. बॅरलमध्ये नळी का बुडू देऊ नये?
५. आपल्या विहिरीत किती लिटर पाणी आहे? मोजून सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्यासाठी दोर आणि टेप घेऊन विहिरीवरच जावे लागेल.